तुमचा गट कोणता?

मी मराठी शिकवतो. घर लातूरला, नोकरी नांदेडला आणि निम्मं आयुष्य लोहा-अहमदपूरच्या रस्त्यावर एसटीत. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला होता. पण कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम अंगावर घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं आणि त्याच्यामागोमाग रक्तदान शिबिरं आली. आज कुणाला रक्त लागलं की लोक डॉक्टरच्या आधी मला फोन करतात. त्या फोनांनी जे शिकवलं ते इथं मांडतो. यात औषधोपचाराचा सल्ला नाही. तो माझ्याकडून कुणी घेऊही नये.

१. आपला रक्तगट आपल्याला माहीत असल्याचा आपल्यालाच फार उपयोग नसतो. हे कळल्यावर मी जरा खट्टू झालो होतो, कारण खिशात गट लिहिलेली चिठ्ठी ठेवा, जीव वाचेल, असं मी भाषणात सांगत असे. प्रत्यक्षात कुठलीही रक्तपेढी चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. पेशंटचा नमुना येतो, त्यावर निळ्या-पिवळ्या सीरमचे थेंब टाकून गट पाहतात, मग उलट बाजूनं पुन्हा तपासतात, आणि शेवटी ठरलेल्या पिशवीतल्या पेशी पेशंटच्या सीरमशी जुळतात का ते बघतात. त्याला क्रॉस मॅच म्हणतात. रस्त्यावर पडलेला माणूस बेशुद्ध असला तरी त्याचा गट काही मिनिटांत कळतो. कळत नाही तो गल्लीत, वाड्यात, कॉलेजात बसलेल्या इतर सगळ्यांचा. रात्री अकराला ‘ए निगेटिव्ह कुणी आहे का’ असा फोन येतो तेव्हा माझी पंचाईत होते ती त्या ‘कुणी’ला स्वतःचा गटच ठाऊक नसतो म्हणून.

२. लातूरची पोरं रक्तगटाचं गणित डोळे मिटून सोडवतात. आई ‘ए’, वडील ‘बी’, मुलं कोणकोणत्या गटाची होतील, याचे चौकोन त्यांना पाठ. कार्ल लँडस्टायनर या व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञानं हे गट १९०१ मध्ये मांडले, त्यासाठी त्याला १९३० चं नोबेल मिळालं, ‘एबी’ हा गट दुसऱ्या दोघांना गट मांडल्याच्या पुढच्याच वर्षी सापडला, हे सगळं ती मला ऐकवतात. मग मी विचारतो, “तुझा कोणता?” आणि एकदम शांतता. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नला हसावं असं माझ्या मनात नाही. माझी दोन्ही मुलं त्याच गिरणीतून बाहेर पडली. पण प्रश्नपत्रिकेत येत नाही ते माहीत करून घ्यायला वेळ नाही, हे मी माझ्या वर्गातही रोज पाहतो. तिथं तो प्रश्न कवितेचा असतो, एवढाच फरक.

३. कागदावर छापलेला गट खरा असेलच असं नाही. एकदा एक विद्यार्थी शिबिरानंतर मागे रेंगाळला. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, “सर, माझा ‘ओ’ आला. पण आमच्या बापूंचा ‘एबी’ आहे.” पुढचं तो बोलला नाही, मलाही बोलवेना. ‘एबी’ बापाला ‘ओ’ मूल होत नाही, हे त्याला त्याच चौकोनांनी शिकवलं होतं. मी विचारलं, बापूंचा गट कुठं पाहिलास? गाडीच्या लायसनवर. चार दिवसांनी बापू स्वतः आले, तपासणी झाली आणि निघाला साधा ‘बी’. लायसनचा फॉर्म भरताना कुणीतरी विचारलं होतं, बापूंना आठवेना, मग लिहिणाऱ्यानं काहीतरी ठोकून दिलं होतं. बापूंना आपण कुठल्या वादळातून सुखरूप बाहेर आलो याचा पत्ताही नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, “मंग आता लायसन बदलावं लागतंय का?” तेव्हापासून मी कुणी गट सांगितला की पहिला प्रश्न विचारतो, कुठं तपासला होता? ओळखपत्रावर आहे, असं उत्तर आलं तर वहीत त्या नावापुढं प्रश्नचिन्ह काढतो.

४. लग्नाच्या बायोडाट्यात नाडी आणि रक्तगट शेजारीशेजारी लिहिले जातात आणि लोक दोन्ही एकाच चष्म्यातून वाचतात. आमच्या आक्काच्या मुलीचं एक चांगलं स्थळ असंच गेलं. मुलगा उदगीरचा, नोकरीला, घरचं शेत. दोघांचा गट ‘बी पॉझिटिव्ह’. दाजींना कुणीतरी सांगितलं, एक रक्तगट म्हणजे एकनाडच, पोरंबाळं नीट होत नाहीत. मी रक्तातला ‘जाणकार’ म्हणून मला बोलावलं. मी बोललो, चांगला अर्धा तास बोललो. नवरा-बायकोचा गट एक असला तर काहीच बिघडत नाही, आपल्याकडे ‘बी’ आणि ‘ओ’ इतके आहेत की असं बघत बसलो तर अर्ध्या मराठवाड्यातली लग्नं मोडावी लागतील. दाजींनी चहा मागवला आणि स्थळ नाकारलं.

गंमत अशी, की खरोखर बघण्यासारखी गोष्ट त्याच रकान्यात असते आणि ती कुणी बघत नाही. पुढं त्याच भाचीच्या नणंदेच्या बायोडाट्यात ‘ओ निगेटिव्ह’ लिहिलेलं होतं, मुलगा ‘ए पॉझिटिव्ह’. यावर दाजींचा काही आक्षेप नव्हता, कारण गट वेगळे! आक्षेप घेण्यासारखं खरंच नव्हतंही. फक्त लक्षात ठेवायला हवं होतं. आई निगेटिव्ह आणि पोटातलं मूल पॉझिटिव्ह असलं, तर बाळंतपणात बाळाच्या रक्ताचा थोडा अंश आईच्या रक्तात जातो आणि तिचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पहिलं मूल बहुतेक सुखरूप असतं. ती प्रतिपिंडं दुसऱ्या मुलाच्या तांबड्या पेशींवर तुटून पडतात. पूर्वी गावात ‘पहिलं जगलं, पुढची लागली नाहीत’ अशा बायका असत आणि त्यांच्या नशिबाला, पायगुणाला बोल लावला जाई. त्यातल्या काहींचं नशीब एवढंच होतं, हे आता मला दिसतं. आज यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. गरोदरपणात अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी ते लागतं, आणि ते सांगायला बाई डॉक्टरकडे जात नाही, अडचण तिथं होते. हे इंजेक्शन माणसाच्याच रक्तद्रवापासून बनतं. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे गृहस्थ होते, त्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं भरपूर होती. त्यांनी आयुष्यात ११७३ वेळा रक्तद्रव दिला. २०२५ मध्ये ते वारले. मी त्यांची गोष्ट दाजींना सांगितली. दाजी म्हणाले, “त्यांची पत्रिका कशी होती?” दाजी थट्टा करत होते की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

५. मी फार साधारण आहे. माझा पहिल्यांदा गट तपासला तेव्हा मनात कुठंतरी होतं, आपण दुर्मीळ निघू. निघालो ‘बी पॉझिटिव्ह’. आपल्याकडे शंभरातले तिसाहून जास्त लोक ‘बी’ असतात. लिहिणाऱ्या माणसाला हे सहन होणं कठीण. पुढं वाचनात आलं, की पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हाना हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्यानं सलोनिकाच्या आघाडीवर जमलेल्या देशोदेशीच्या सैनिकांचं रक्त तपासलं होतं. त्यात हिंदी सैनिकही होते. १९१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: इंग्रजांत ‘बी’ अगदी थोडे, हिंदी सैनिकांत सगळ्यात जास्त. म्हणजे आपलं साधारणपण निदान जगाच्या एका कोपऱ्यापुरतं आहे. शिवाय ज्याचा गट सर्रास सापडतो त्याला रक्तही सर्रास लागतं. ‘बी’वाला कधी बेकार बसत नाही.

६. रक्त साठवून ठेवता येतं, पण फार दिवस नाही. हे मला एका रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंनी शिकवलं आणि माझ्या समाजसेवेतली हवाच काढून घेतली. आमची शिबिरं कधी? १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन, २४ ला राष्ट्रीय सेवा योजना दिन, १ ऑक्टोबरला राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन, दुसऱ्या दिवशी गांधी जयंती. मधल्या मोकळ्या तारखांना पुढाऱ्यांचे वाढदिवस. तेव्हा बॅनर, हार, फोटो, आणि एका दिवसात ढीगभर पिशव्या. तांबड्या पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस. प्लेटलेट्स पाच दिवस, त्याही सतत हलत्या ठेवून. फ्रीझरमध्ये वर्षभर राहतो तो फक्त प्लाझ्मा. म्हणजे सप्टेंबरातलं रक्त दिवाळीपर्यंत जेमतेम पुरतं, आणि दिवाळीत कॉलेज बंद. मग परीक्षा. मग मे महिना, ४२-४३ अंशांचं ऊन, पोरं गावाकडे, लग्नसराईतले अपघात, आणि रक्तपेढीचं कपाट रिकामं. बाई म्हणाल्या, “सर, एकाच दिवशी शंभर जण आणू नका. शंभर जणांची नावं तुमच्याजवळ ठेवा. आम्ही मागू तेव्हा चार-चार पाठवा.”

त्या दिवशी मी वही घातली. गटवार पानं, नाव, गाव, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार. वही घातल्यापासून माझे फोटो पेपरात येणं बंद झालं, हे सौ.च्या लगेच लक्षात आलं. निगेटिव्हवाल्यांना मी शिबिराला बोलावतच नाही. शंभरात पाच-सहा असणारी ही माणसं, त्यांचं रक्त फ्रीजमध्ये मुदत संपून फेकलं जाण्यापेक्षा त्यांच्याच अंगात राहिलेलं बरं. याचं त्यांना आधी वाईट वाटतं. लोहा तालुक्यातला एक शेतकरी तर रागावून म्हणाला होता, “सर, आमचं रगत काय कमी हाय का?” त्याला बोलावणं गेलं ते थेट सोयाबीनच्या मळणीत, ऐन घाईत. मळणीयंत्र दुसऱ्याच्या हवाली करून तो आला.

७. आज दिलेलं रक्त आजच्या माणसाला बहुधा मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. भूकंप. किल्लारी, सास्तूर, दगड-मातीच्या जाड भिंती, वरून पाऊस. त्या दिवशी मी लातुरात होतो आणि ज्याला त्याला काहीतरी करायचं होतं. अंगात रक्त असलेला प्रत्येक माणूस बाह्या सावरून उभा होता. ती रांग आठवली की अजून ऊर भरून येतो. पण आता जे कळतं ते असं, की पिशवी भरली तरी ती लगेच वापरता येत नाही. एचआयव्ही, कावीळ ‘बी’ आणि ‘सी’, गुप्तरोग, मलेरिया, एवढ्या तपासण्या आज बंधनकारक आहेत आणि त्यांना तास लागतात. ढिगाऱ्यातून निघालेल्या पहिल्या माणसाला लागतं ते आदल्या आठवड्यात कुणीतरी, काहीच घडलेलं नसताना, देऊन ठेवलेलं रक्त. त्या देणाऱ्याला ते कुणाला गेलं हे कधीच कळत नाही. रांगेतल्या आमचे फोटो निघाले.

८. माझ्या वहीतलं ‘ओ’चं पान खात्रीचं नाही. हे कळलं तेव्हा मी खरोखर चकित झालो. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले की त्यांना कुणाचंच रक्त जुळेना, ‘ओ’सुद्धा. तो नवा गट ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर ‘बॉम्बे’ नावानं ओळखला जाऊ लागला. शहराचं नाव बदललं, गटाचं राहिलं. ‘ए’ आणि ‘बी’ ज्याच्यावर उभे राहतात तो ‘एच’ नावाचा पायाच या माणसांच्या पेशींवर नसतो. ‘ओ’वाल्यांकडे पाया असतो, वर मजला नसतो. बॉम्बेवाल्यांकडे पायाच नाही, म्हणून पायाला ते परकं मानतात. त्यांना फक्त बॉम्बेचंच रक्त चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक, असा अंदाज आहे. युरोपात दहा लाखांत एखादा.

आणि साध्या दोन-थेंबी तपासणीत हा माणूस हुबेहूब ‘ओ’ दिसतो! उलट बाजूची तपासणी किंवा क्रॉस मॅच झाली तरच बिंग फुटतं. म्हणजे शिबिरात घाईघाईनं काचपट्टीवर पाहून मी वहीत लिहिलेल्या ‘ओ’च्या नावांत एखादा बॉम्बे बसलेला असू शकतो आणि ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. आधीच्या त्या विद्यार्थ्याच्या गोष्टीलाही इथं एक फाटा फुटतो: ‘एबी’ बापाचं मूल ‘ओ’ दिसावं आणि घरात काहीही वावगं नसावं, हे बॉम्बे गटात होऊ शकतं. चौकोनांवर जगणाऱ्या माणसानं हे आधी वाचावं. २०२४ च्या मे महिन्यात इंदूरला एका बाईला हे रक्त लागलं, तेव्हा शिर्डीचा एक फुलांचा व्यापारी चारशेवर किलोमीटर गाडीनं जाऊन देऊन आला. बातमी वाचून मी लातूर-नांदेडच्या माझ्या फेऱ्यांबद्दल कुरकुर करणं बंद केलं. निदान आठवडाभर तरी.

९. किनवटला मी शिकवायला गेलो होतो. कॉलेजचं शिबिर होतं, माहूरच्या डोंगराकडच्या एका गावात. रक्तगटाचे तक्ते बरोबर नेले होते. गोंड, कोलाम, आंध वस्त्या. माझं भाषण संपल्यावर एका आईनं पदराआडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. मुलाला सिकलसेल. त्याला वरचेवर रक्त चढवावं लागे. तिला त्याचा गट माहीत होता, हिमोग्लोबिन माहीत होतं, मागची पिशवी कधी चढली ते तारखेनिशी माहीत होतं. तिचा प्रश्न होता: गट तोच, रक्तही तेच, तरी आता जुळवायला उशीर का लागतो? मला उत्तर येत नव्हतं. परतल्यावर विचारलं. ज्याला पुन्हापुन्हा रक्त मिळतं त्याचं शरीर एबीओ आणि आरएच (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) यांच्या पलीकडल्या खुणाही ओळखायला लागतं: केल, किड, डफी अशी त्यांची नावं. असे चाळीसहून अधिक गट-संच शास्त्रज्ञांनी नोंदलेले आहेत. प्रत्येक नव्या प्रतिपिंडाबरोबर त्या मुलाला चालणारी माणसं कमी होत जातात. आठ खान्यांच्या तक्त्यावर मी जे शिकवत होतो ते त्या बाईच्या दृष्टीनं बालवाडीचं होतं. तिनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं, मध्ये मान डोलावून.

१०. सख्ख्याचं रक्त सगळ्यात चांगलं, ही समजूत मनातून काढायला मला स्वतःला वेळ लागला. भावानं भावाला द्यावं, यात काय चुकीचं? पण अगदी जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कधीकधी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, तिथं तग धरतात आणि त्यालाच पोखरतात. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेतणारं असतं. म्हणून असं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करतात. भावानं खुशाल द्यावं. त्याचं रक्त दुसऱ्याला जावं आणि दुसऱ्याचं त्याच्या भावाला यावं.

आणि त्या दुसऱ्याची चौकशी? तीही होते. एकदा एका म्हाताऱ्यानं पिशवीकडे बोट करून मला विचारलं होतं, “मास्तर, हे कुणाचं हाय?” कुणाचं म्हणजे कोणत्या माणसाचं असं त्याला विचारायचं नव्हतं, हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला समजतं. पिशवीवर नंबर असतो, गट असतो, काढल्याची आणि संपायची तारीख असते. मी त्याला तेच वाचून दाखवलं. त्याला चष्मा नव्हता. अजून काही लिहिलंय का, म्हणाला. नाही म्हणालो. मग त्यानं हात पुढं केला.

११. सगळ्यात जास्त नकार मी मुलींना देतो. रक्त द्यायला हिमोग्लोबिन १२.५ लागतं आणि वजन किमान ४५ किलो. शिबिरात मुलांपेक्षा मुली जास्त उत्साहानं येतात आणि अर्ध्याहून अधिक तपासणीच्या टेबलावरूनच परत जातात. दहा, साडेनऊ, कधी आठ. पहिली काही वर्षं मी त्या आकड्यांकडे दात्यांची गळती म्हणून पाहत होतो. ते आकडे एक वेगळीच तक्रार सांगत होते. या पोरी सकाळी आठला न खाता गाव सोडतात, बसला लोंबकळत येतात, दुपारी डबा अर्धा मैत्रिणीला देतात आणि संध्याकाळी भाकरी थापतात. आता परत गेलेल्या मुलींची वेगळी यादी असते, लोहाच्या गोळ्यांची आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची. वर्गात मी त्यांना भर तासात विचारतो, “आज सकाळी काय खाल्लं?” माझे सहकारी याला मराठीचा तास मानत नाहीत.

मागच्या खेपेला तृतीय वर्षाची एक मुलगी अशीच दोनदा परत गेल्यावर तिसऱ्यांदा आली. हिमोग्लोबिन १२.६. तिनं टाळीच वाजवली. मग वजनकाट्यावर उभी राहिली: चव्वेचाळीस. तिनं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सर, पाच मिनिटं थांबता का? दोन तांबे पाणी पिऊन येते.”